कागदावर सात तास

२४ नोव्हेंबर १९७४, रविवार

कावीळ गेली. डोळे पांढरे झाले, भाकर गोड लागून राह्यली, अंगावर थोडं मास बी चढलं. झोप तेवढी परत आली नाही.

आज डॉक्टर साहेबांनी रेघा मारलेला एक कागद हाती दिला. तारखेपुढं रात्री किती तास झोपलो ते लिहायचं. ३१ डिसेंबरले कागद पाहून ते वर लिहून पाठवणार, देवमन ड्रायव्हर आरोग्य केंद्राची जीप चालवायले फिट का अनफिट. तोवर चालवा म्हणे, दुसरा माणूस नाही, पण जपून. अनफिट आलं तं अकोल्याच्या हापिसात शिपाई. पाण्याचे ग्लास न्या अन् साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसा. पंधरा वर्षं झाली मले पेशंट वाहून. एक माणूस गाडीतून पडू दिला नाही.

कागदावर पहिला आकडा टाकला, ७. खरा आकडा अडीच. म्हणून ही वही. कुठंतरी खरं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर मीच विसरून जाईन.

२६ नोव्हें., मंगळ

झो. ३. कागदावर ७. (झो. म्हणजे झोप, तासात.)

केंद्रात तिघांले एकदम झाली होती कावीळ. साहेब, सुमन सिस्टर अन् मी. आमी तिघं गावोगाव जीप घेऊन फिरलो, चौकात उभं राहून सांगितलं, पाणी उकळून प्या बाप्पा, कावीळ पाण्यातून होते. अन् केंद्रातला माठ? तो विहिरीवरून भरून यायचा तसाच. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. गाव राह्यलं धडधाकट, आमी पडलो पिवळे. लोक केंद्रात येऊन आमालेच विचारत, आता औषध कोण देईन?

गोदाबाई आमची वार्डातली आया. तिनं भावाकडून काविळीची माळ आणली. गळ्यात घालायची, माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. मी लाजून शर्टाच्या आत घातली, साहेबांले दिसू नये म्हणून. एक दिवस साहेब हात धुवायले वाकले तं त्यांच्या शर्टातून बी माळ लोंबली.

२९ नोव्हें., शुक्र

झो. २. काग. ७.

काय झोप होती माही एकेकाळी! क्वार्टरच्या दारावर धोंडा आदळला तरी जागा होत नव्हतो. मंग गोदाबाईनंच शक्कल काढली. वार्डाच्या खिडकीतून माह्या खिडकीपर्यंत सुतळी, अन् तिचं टोक माह्या पायाच्या अंगठ्याले. पेशंट आला की ती तिकडून हिसडा मारायची. पहिल्या हिसड्याले मी कूस बदलायचो, दुसऱ्याले शिव्या, तिसऱ्याले चप्पल शोधायचो. शांता म्हणायची, नवऱ्याले असं बैलासारखं बांधलेलं म्या कुठी नाई पाह्यलं.

आता सुतळी सोडून टाकली. कायले पायजे? कोणी अंगणात पाय टाकला की मी अगोदरच उठून बसलेला. लोकाईले वाटते देवमन लय हुशार झाला.

२ डिसें., सोम

झो. ३. काग. ६. (रोज सात लिहिलं तं साहेबांले शंका येईल.)

इथं फोन नाही. दिवसा कुठून बोलावणं आलं तं एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी येते. केंद्रासमोर बस तीनदा हारन वाजवते, गोदाबाई पळत जाऊन चिठ्ठी घेते अन् तिथूनच ओरडते, कोणतं गाव, काय झालं. ती फाटकात पोहोचेपर्यंत माही जीप चालू. मेडशीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचे सगळे कंडक्टर ओळखतात आमाले.

आज दिवसभरात चारदा तीन हारन ऐकले. बस एकच येऊन गेली, अन् ती बी मुकाट.

६ डिसें., शुक्र

झो. २. काग. ७.

सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो, मेणबत्ती लावली. माह्या गावी, रिठदले असतो तं अख्खी वस्ती संग बसली असती. डोळे मिटले तं छप्पनचं साल आलं डोळ्यापुढं. नागपूरहून दीक्षा घेऊन ट्रकनं परत येत होतो. अठरा वर्षांचा होतो मी. आमच्या वस्तीची माणसं, बाया, लेकरं, सगळे पांढऱ्या कपड्यात, धुळीनं तांबडे झालेले. बसायले जागा नाही. इकडून बाप, तिकडून काका, मधी मी, अन् मी उभ्यानं झोपलो. पडायले जागाच नव्हती तं पडणार कुठी? जागा झालो तं वाशीम आलेलं. बाप म्हणाला, "लोकं जागे झाले अन् हा लेकाचा निजला." अख्खा ट्रक हासला. बाप बी हासला, तो तसा हासणारा माणूस नव्हता.

उतरताना ड्रायव्हरले पाह्यलं. म्हातारा मुसलमान, दोन दिवसांच्या जाग्रणानं डोळे लाल. एक धक्का लागू दिला नाही त्यानं आमाले. तेव्हाच ठरवलं, हेच काम करायचं. आपण जागं राह्यचं, मागच्याईनं निजायचं.

आता जागं राह्यता येते लय. चालवता येते का ते विचारू नका.

९ डिसें., सोम

झो. ३. काग. ७.

लिहू का नको. लिहितो.

मेडशीहून परत येताना, रिकामी गाडी, सकाळचे अकरा, सरळ सडक. बाभळीची फांदी ताडपत्रीवर खरडली तेव्हा डोळे उघडले. म्हणजे मिटलेले होते. किती वेळ, कोण जाणे. गाडी सडकेच्या खाली दोन चाकं उतरून चालून राह्यली होती, मस्त, जशी कोणी दुसराच चालवते.

थांबवली. उतरलो. एक मेंढपाळ उभा होता, म्हणाला, "तंबाखू हाये का?" दिला. त्याले काही दिसलंच नाही. मंग मलेही वाटलं, काही झालंच नाही. असं वाटणंच वाईट.

ताडपत्री फाटली. शांताकडून शिवून घेतली. तिनं सुई दातात धरून विचारलं, "हे कायनं फाटलं?" म्हणालो, "काट्यानं." ते तरी खरं.

१२ डिसें., गुरु

झो. १॥. काग. ६.

शांता आज चिडली. "तुमी निजत नाई. निजल्याचं सोंग करता. मले का समजत नाई? निजलेला माणूस घोरते, तुमी पंधरा वर्षं घोरले, आता दोन महिन्यांपासून घरात कसं सुनंसुनं वाटते."

मी म्हणालो, सांगजो नको कोणाले.

मंग तिनंच लग्नाची आठवण काढली. वरात परत येत होती रिठदले, बंडीत ती अन् मी. मी तिच्या खांद्यावर डोकं टाकून जो निजलो तो गाव येईपर्यंत. ती नवी नवरी, नवं लुगडं, खांदा मेला तरी हालली नाही. "मले वाटलं, कोन मानूस देल्ला बापानं? दोन शब्द बोलला नाई. मंग वाटलं, भरोसा ठेवून निजला, म्हंजे चांगलाच असन." असं ती कधी बोलली नव्हती इतक्या वर्षांत. लय बरं वाटलं अन् लय वाईट वाटलं. पुन्हा तसं निजून दाखवावं वाटलं तिच्यासाठी.

१७ डिसें., मंगळ



दुपारी जीपमध्येच बसून होतो. ऊन पाठीवर, चाकावर हात. तीन हारन वाजले. गोदाबाईचा आवाज आला, "देवमनभाऊ, उंबरदरीच्या तांड्यावर बाई अडली!" मी निघालो. सिस्टर मागं बसल्या असं धरून चाललो. रस्त्यानं त्यांच्याशी बोलत बी होतो. नाला आला तं म्हणालो, धरून बसा बाई.

तांड्यावर पोहोचलो, मागचा पडदा उघडला. गाडीत कोणीच नाही.

जमनाबाई म्हणून म्हातारी आहे तिथं, ती बाहेर आली. "काहून आला रे भाऊ? कोनाले काय झालं?"

"तुमची सून अडली ना."

म्हातारीनं कपाळाले हात लावला. "सून? सून ते पाय, तुरी सोंगून राह्यली वावरात. तिचं लेकरू तं तुह्याच गाडीत झालं आखाडात! पाच महिन्याचं झालं आता."

खरंच. आखाडात गेलो होतो मी. नाल्याले पूर होता, गाडी अडकली, अन् सिस्टरांनी गाडीतच बाळंतपण केलं. तेच तीन हारन, गोदाबाईचे तेच शब्द, जसेच्या तसे. पाच महिन्यांपूर्वीचं बोलावणं आज ऐकून मी गाडी काढली.

त्या लोकाईले काय, आनंद. ड्रायव्हर पाव्हणा आला म्हणून तुरीच्या शेंगा उकडल्या मीठ टाकून. सून वावरातून धावत आली, लेकरू दाखवलं. झाडाले बांधलेल्या झोळीत निजलं होतं, तोंड उघडं, हातपाय सोडून दिलेले. मी उभा राहून पाहतच राह्यलो. म्हातारी म्हणाली, "नजर लावू नको." मी हासलो. लागली असन बी. सांगता येत नाही.

शेंगा खाऊन परत आलो तं फाटकात गोदाबाई डोक्याले हात लावून बसलेली. मी गेल्यावर दहा मिनिटांत बैलगाडीत एक बाई आली. घरी बाळंत झालेली, वार पडली नाही, रक्त थांबत नाही. साहेबांनी जे करायचं ते केलं, पण रक्त चढवायले अकोल्यालेच न्यावं लागत होतं. अन् जीप नाही. जीप तांड्यावर शेंगा खाऊन राह्यली. सिस्टरांनी सडकेवर आडवं उभं राहून कापसाचा ट्रक थांबवला, बाईले कापसावर घातलं अन् संग गेल्या.

साहेबांनी विचारलं, "देवमन, कुठं होतात तुम्ही?" साहेब साताऱ्याकडचे, सगळ्याईले अहोजाहो करतात, रागात बी.

म्हणालो, "तांड्यावरून बोलावणं आलं साहेब. खोटं निघालं."

गोदाबाई तिथंच उभी होती. काही बोलली नाही.

१८ डिसें., बुध

झो. शून्य. कागदावर हात आपोआप ७ लिहून मोकळा झाला.

बाईचं काही कळलं नाही. सकाळच्या बसले विचारलं, दुपारच्या बसले विचारलं. कंडक्टर म्हणाला, आमाले कुठून मालूम असनार? जेवण गेलं नाही. ती वाचू दे, एवढंच दिवसभर म्हणून राह्यलो, कोणाले म्हणून राह्यलो कोण जाणे. नाव बी नाही माहीत तिचं.

१९ डिसें., गुरु

वाचली! वाचली ती. दोन बाटल्या रक्त लागलं. लेकरू बी बरं आहे.

सिस्टर दुपारच्या बसनं आल्या. केसात अजून कापसाचे धागे. मी पुढं होऊन पिशवी घ्यायले गेलो तं पाह्यलं बी नाही माह्याकडं. सरळ क्वार्टरमध्ये जाऊन दार लावून घेतलं. बरोबर आहे त्यांचं.

जीपले आंघोळ घातली. दोनदा. काही करायचं नव्हतं दुसरं.

२० डिसें., शुक्र

झो. २. काग. कोरा ठेवला.

गोदाबाई पाणी उकळत होती माठासाठी. (आता उकळते. मोठी चूल मांडली आहे वार्डामागं, कौतुकानं सगळ्याईले दाखवते.) मले जवळ बोलावलं.

"भाऊ, म्या काई आवाज देल्ला नवता त्या दिशी. बस बी आली नवती."

"माहीत हाये."

"साह्यबाले सांगू का?"

"नको वं बाई."

"मंग तुमीच सांगा." फुंकणी खाली ठेवली तिनं. "माह्या डोयापुढं वाढले तुमी या नौकरीत. म्हनून तोंड बंद ठेवलं. पन ती बाई गेली असती त म्या काय केलं असतं?"

फुंकणी उचलून दिली तिच्या हातात अन् आलो.

२२ डिसें., रवि

झो. २॥.

सांगायचं का? सांगितलं तं चाक गेलं. क्वार्टर गेलं. हा रस्ता गेला. कोणत्या नाल्यात कोणत्या महिन्यात किती पाणी, कोणत्या गावात कोणत्या घरासमोर गाडी वळते, हे माह्या डोक्यात आहे, ते अकोल्याच्या स्टुलावर बसून कोणाले देऊ? लोक मले नावानं नाही ओळखत, हारनानं ओळखतात. बाया म्हणतात, आली देवमनची गाडी, आता काई भेव नाई. हे ऐकून मी पंधरा वर्षं फुगून राह्यलो. आता तेच ऐकलं की मान खाली घालून काच पुसायले लागतो.

नाही सांगितलं तं पुढची बाई.

२४ डिसें., मंगळ

सांगितलं. पण घडलं भलतंच.

सकाळी हिंमत करून साहेबांच्या खोलीत गेलो तं सिस्टर अगोदरच उभ्या, पदरानं डोळे पुसून राह्यल्या. मी परत फिरलो. साहेब म्हणाले, "या, देवमन. तुमचंही तेच असणार. बसा."

सिस्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कापसाच्या ट्रकवर पेशंटचा हात हातात धरून बसल्या होत्या, अन् घाट लागला तशा झोपल्या. पातूर मागं गेलं तेव्हा जाग आली. "मधल्या वेळात तिची नाडी कोणी पाह्यली? कोणीच नाही. मेली असती तरी मले कळलं नसतं. अन् देवमनभाऊ, काविळीपासून तेवढीच खरी झोप लागली मले. लाज वाटते सांगायले, इतकी गोड होती."

म्हणजे त्या माह्याकडं पाहत नव्हत्या ते रागानं नव्हतं.

मंग मी सांगितलं. तांडा, तीन हारन, बाभळीची फांदी, खोटे सात तास. एका दमात, खाली पाहून. संपलं. वर पाह्यलं तं साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवलेला.

"मी छताची कौलं मोजतो," म्हणाले. "परवा माकडांनी एक फोडलं. कोणतं ते मी न पाहता सांगू शकतो."

मंग सिस्टरांले हासू आलं, मंग मले, मंग साहेबांले. रडणं अन् हासणं एकदमच. बाहेर पेशंट बाकावर बसलेले, त्याईले वाटलं असन पगार वाढला.

साहेब म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, कावीळ सहा आठवड्यांत बरी होते. झोपेविषयी एक ओळ नाही. आणि तुम्हाला अनफिट लिहायचं तर सिस्टरांनाही लिहायला पाहिजे. मला कोण लिहिणार?" मंग म्हणाले, "तरी खरा कागद आणून द्या. काय लिहायचं ते मला त्यावरून ठरवू द्या. तोवर घाटात एकट्यानं जायचं नाही. शेजारी कोणीतरी बसेल आणि बोलत राहील."

इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२७ डिसें., शुक्र

आज घाट. पोट फुगलेला एक म्हातारा, सोबत त्याचा जावई. सिस्टर पुढं बसल्या, माह्या शेजारी, बोलायच्या कामावर. बोलायचं काय? म्हणाल्या, झोपेचंच बोलू.

त्याईनं अमरावतीचं सांगितलं. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडायचं, ओळीनं बाजा टाकायच्या, ओली चादर अंगावर, अन् सहा बहिणी चांदण्या मोजत कोण अगोदर निजते त्याची पैज. ह्या नेहमी हरायच्या, म्हणजे अगोदर निजायच्या. मी सांगितलं ज्वारीच्या वावरातल्या माळ्याचं. पाखरं हाकायले बाप मले माळ्यावर चढवायचा, हातात गोफण द्यायचा, अन् मी गोफण उशाशी घेऊन निजायचो. पाखरं खुशाल जेवून जायची. बापानं एकदा खालून माळाच हालवला, मी झोपेत ओरडलो, "हाऽऽ हाऽऽ पाखरं!" तेवढ्यानं तो शांत झाला.

मागून म्हातारा कण्हत कण्हत म्हणाला, "माह्यं बी आयका... आमी गाडीतळावर निजो, बैलाच्या पोटाशी... हिवाळ्यात..." जावई म्हणे, मामा बोलू नका, दुखन. "दुखू दे, सांगू दे मले." अन् त्यानं घाट संपेपर्यंत सांगितलं. बैलाचं नाव बी सांगितलं, सरदार. एवढा आजारी माणूस, पण बैलाचं नाव घेताना आवाज कसा नीट झाला.

अकोल्याले पोहोचवला. भरती केला. इतका चांगला दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

आता पुढचं बी लिहायले पायजे.

परत येताना सिस्टर बोलता बोलता निजल्या. मान खिडकीवर. मी उठवलं नाही, लय दिवसांनी निजल्या बिचाऱ्या. हळू चालवीन म्हटलं. चांगला जागा होतो मी, डोळे टक्क. बापाचं, माळ्याचं आठवत होतो, मनाशी हासत होतो. अन् एकदम मेडशीची पाटी आली.

घाटातली शेवटली दोन वळणं मले आठवत नाहीत. ती मोठी, दरीकडली. कशी घेतली, गिअर कुठं बदलला, समोरून काही आलं का, काही नाही. सिस्टर तशाच निजलेल्या, भरोसा ठेवून.

३० डिसें., सोम

झो. २.

दुपारी बसून नवीन कागदावर या वहीतले सगळे आकडे उतरवले. अडीच, तीन, दोन, तीन, दोन. एक शून्य. शांताले वाचता येते थोडं, बोट फिरवून तिनं वाचलं. मले वाटलं चिडन. चिडली नाही. कागद मांडीवर ठेवला अन् म्हणाली, "एवढ्याशा झोपेवर तुमी माह्याशी हासून बोलत होते?"

घाटाचं बी सांगितलं. ती म्हणाली, "स्टुलावर बसले त बसले. मी बी येईन अकोल्याले. तिथी काय मानसं राहत नाईत?" असं म्हणून भांडी घासायले गेली अन् भांडी आदळली दहा मिनिटं.

३१ डिसें., मंगळ

सकाळी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला, त्यावर जीपची चावी.

"चावी कशाला? मी अजून काहीच लिहिलेलं नाही."

दोन वळणांचं सांगितलं. सिस्टर बाजूलाच होत्या, ऐकून पांढऱ्या पडल्या. मंग माह्या हातावर हात ठेवला. साहेबांनी आकडे वाचले, पहिल्यापासून. मंग स्वतःचा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. त्यांचे आकडे माह्यापेक्षा कमी. म्हणाले, पंचायत समितीचा ड्रायव्हर आठ दिवसांसाठी मागवतो. वर काय लिहायचं ते सोमवारी. "फिट लिहिलं तर मला झोप येणार नाही, अनफिट लिहिलं तरी येणार नाही," असं म्हणाले अन् ओपीडीत गेले.

संध्याकाळी नवा ड्रायव्हर आला. बरा आहे, पोरगेला आहे, क्लच जास्त दाबते. त्याले नाले सांगितले, गावं सांगितली, तीन हारन सांगितले. तांड्याची वाट दोनदा सांगितली. तो म्हणाला, "काका, तुमी आता खुशाल झोपा."

आता आठ वाजले. जेवण झालं. अन् काय सांगू, जांभया येऊन राह्यल्या. एकामागून एक, कान वाजतात अशा. डोळे आपसूक मिटून राह्यले. काविळीपासून असं झालंच नव्हतं. शांता पाहून खुश, म्हणते, पहा, आली, निजा पटकन.

मले भेव वाटून राह्यलं. आजच आली तं? चावी दिली त्याच दिवशी आठ तास गाढ निजलो तं मंग काय समजायचं मी? की कावीळ कधीच गेली होती, झोप उडवत होती ती गाडी? पंधरा वर्षं जिच्यावर जीव टाकला ती? अन् तसं असलं, तं सोमवारी साहेबांनी फिट लिहून चावी पुढं केली, मी हात पुढं करू का मागं घेऊ?

शांतानं अंथरूण टाकलं. दोनदा हाक मारली. मी मुद्दाम ताठ बसून लिहून राह्यलो.